उंबऱ्याचं लाकूड

ऑक्टोबरात विनिपेग सरोवरावरून सुटलेला वारा
विमान कुणाचं ते विचारत नाही,
पंख दिसले की उचलायला बघतो.
त्या रात्री खुंटीचा दोर तुटला
आणि माझं दोन सीटचं विमान
गवतावरून तेवीस पावलं मागे गेलं,
शेपूट टेकलं धान्याच्या ट्रेलरला,
अगदी हळू, कुणी झोपलंय म्हणून दार लोटावं तसं.
सुकाणूला पोचा. बाकी काही नाही.
पावलं मी मोजली. दोनदा.

चाकांना तेव्हा काय लावलं होतं
ते सांगायची लाज वाटते:
डावीकडे अर्धी वीट,
उजवीकडे जळणातलं बर्चचं ढलपं.

रबराचे तयार ठोकळे मिळतात,
पण तेवढ्यात अर्धी टाकी इंधन येतं.
म्हणून गेले कॉर्नेलियस थीसनकडे.

थीसन मेनोनाइट. विमानात बसला नाही, बसणारही नाही.
देवानं पंख दिले असते तर, वगैरे बोलत नाही तो.
एवढंच विचारतो, "वर काय आहे, जे इथे नाही?"
आणि उत्तरासाठी न थांबता रंधा उचलतो.

मी म्हटलं, चाक अडवायचंय.
तेव्हा कुठे त्यानं विमानात रस घेतला.

लाकूड निघालं जुन्या कोठाराच्या उंबऱ्याचं,
ओक, मध्ये झिजून खोलगट झालेलं.
"हे अडवायला सरावलंय," म्हणाला.
टेप माझ्या हातात, तरी टायरचा घेर त्यानं
सुतळीनं घेतला, गाठ मारून खिशात ठेवला.
"पंचेचाळीस अंश?" मी विचारलं.
"चाकाला विचार."
पुठ्ठा टायरला दाबून त्यानं कोन उचलला,
कुठल्याच कंपासपेटीत नसलेला.

मग करवत.
शंभर वर्षांच्या लाकडाचा भुसा
ताज्या पावासारखा वासतो, हे मला माहीत नव्हतं.
चार पाचरी. गिरमिटानं चार भोकं.
दोर मी ओवला. गाठही माझी,
आमच्या धक्क्यावर जाळ्यांना मारतात ती,
ओढ लागली की आवळणारी.
गाठीकडे तो जरा वेळ बघत राहिला. काही बोलला नाही,
म्हणजे चालली.

रंग भडक हवा, मी म्हटलं, नाहीतर विसरायला होतं.
बाल्डुर आइनारसन विसरला होता:
इंजिन पूर्ण जोरात, विमान जागचं हलेना,
हा ब्रेकला शिव्या घालतोय,
अख्खा क्लब कॉफी खाली ठेवून खिडकीत.
शेवटी मेकॅनिकनं पंखामागून जाऊन दार ठोठावलं
आणि नुसतं चाकाकडे बोट केलं.

थीसन हसला नाही.
"लाकूड चांगलं असणार," म्हणाला.

ट्रॅक्टरमागच्या 'सावकाश' पाटीचा
नारिंगी रंग डब्याच्या तळाशी उरला होता.
तोच दिला. दोन हात.

पैसे घेतले नाहीत. शनिवारी मात्र
काळ्या कोटात धावपट्टीवर हजर.
आधी पाचरींना बूट मारून पाहिला,
मग विमानाला खांदा लावला, बैलाला लावावा तसा.
हललं नाही. मान डोलावली.
मी दोर ओढून पाचरी काढल्या, तर त्यानं त्या
माझ्या हातातून घेतल्या, दोन्ही जोड्या,
आणि कडेला जाऊन उभा राहिला.

वरून दिसत होतं: पिवळं गवत,
त्यावर एक काळा ठिपका
आणि त्याच्या दोन्ही बाजूंना नारिंगी.
एक चक्कर घेतली. दुसरी घेतली.
ठिपका तिथेच.

उतरले. पंखा थांबला तसा तो पुढे आला, वाकला,
आधी पुढची पाचर, मग मागची,
आणि टाचेनं ठोकली.
त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटला,
घोड्याला म्हणतात ते. विमानाला असावं.
मला नसावं.

मग उठून, गुडघे झटकत:
"काय होतं वर?"
या वेळी थांबला.

"तुमच्या कोठाराचं छप्पर," मी म्हटलं.
"उत्तरेकडचे तीन पत्रे उचललेत. खालून दिसत नाही."

तो उत्तरेकडे बघत राहिला, बराच वेळ,
वाऱ्यानं कोटाची टोकं उडत होती.
मग शिडी आणायला गेला.