दातांचं काम

गिर्ये मागे पडता पडता आवाज आला,
सुपारी फोडल्यासारखा.
मी खाली चहा गाळत होते.
वर चाक मोकळं फिरलं
आणि आठ वर्षं सरळ वागलेल्या टिटवीनं
वाऱ्याकडे तोंड वळवून
शीड फडफडवलं, भांडं पाडावं तसं.

एकटीनं होडी चालवायची तर तिसरा हात लागतो.
तो तुटला होता.
उजाडेपर्यंत सुकाणूला बसले,
लघवीला जातानासुद्धा
चाक दोरीनं बांधून, वेतोबाचं नाव घेऊन.

विजयदुर्गच्या खाडीत नांगर टाकला
आणि गनीचाचा होडेकरांना फोन लावला.
ट्रॉलरची इंजिनं, बर्फाच्या कारखान्याचे पंप,
एकदा खारेपाटणच्या दंतवैद्याची खुर्चीसुद्धा
दुरुस्त केलेला माणूस.
शिडाच्या होडीवर मात्र पहिल्यांदाच चढत होते.
चपला काढून आले.

डबा उघडला. आत पट्ट्याचा काळा भुगा,
गिअर सगळे प्लास्टिकचे,
निम्म्यांच्या नुसत्या हिरड्या उरलेल्या.
"दात पडले की माणूस पेज पितो," ते म्हणाले,
"हा बिचारा काय पिणार?"

नवा ड्राइव्ह कोचीहून आला, चोवीस दिवसांनी.
पोटात पोलादी दात,
आणि किंमत अशी की फंडाच्या पासबुकात
पान उलटावं लागलं.
हा चाकावर बसत नाही. मागच्या फळीखाली,
जिथे मी वर्षानुवर्षं वाकले नव्हते,
थेट सुकाणूच्या दांड्याला जाऊन धरतो.
धरायला एक आडवी भुजा हवी. ती चाचांनी
बुडालेल्या मचव्याच्या पंख्याचं कासं वितळवून
राजापूरहून ओतून आणली.
त्या मचव्याचं नाव मी विचारलं.
त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकलं.

सुकाणू मधोमध असताना काटकोन हवा,
एक अंशही इकडे तिकडे नको.
कंपासपेटीतला गुण्या काढला त्यांनी खिशातून,
त्यावर निळ्या पेनानं:
सुमय्या, आठवी ब.
"संध्याकाळपर्यंत परत द्यायचाय,
उद्या तिची भूमिती आहे."

सकाळी मतलईवर बाहेर पडलो.
बटण दाबलं, चाक आपापलं हललं,
आणि माझा हात उगीच हवेत राहिला.
दहाला वारा फिरला, समुद्रावरून आला,
तशी खालची मोटर कण्हायला लागली.
मी नव्या यंत्राला, कोचीच्या दुकानदाराला,
मनात जे काय म्हणायचं ते म्हणून घेतलं.
चाचा फळी उचलून आत उतरले.
आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा
तसा हात ठेवला मोटरवर.
"तापलाय. सारखा एकाच बाजूला ओढतोय.
याचं काही चुकत नाही, ताई,
तुमचं शीड जास्त आहे."

शीड एक पट्टी कमी केलं.
कण्हणं थांबलं. मग मधूनच एखादी टिक,
झोपेत कूस बदलल्यासारखी.
आठ वर्षं, म्हणजे, जुन्याला मी
शिडाची दोरी सैल सोडायचा आळस म्हणून
ताणत आले होते.

वहीत लिहिलं: दर दोनशे तासांनी
कार्बन ब्रश, ग्रीस, भुजेचे बोल्ट.
चाचांनी पेन मागून खाली भर घातली:
हात लावून बघणे.

परततीच्या वाटेवर त्यांनी विचारलं,
"हा बंद होतो ना?"
बंद केला. ते चाकाला उभे राहिले, अनवाणी,
पाय फाकून, लेथला उभे राहतात तसे.
टिटवी जी वळवळत निघाली,
मागे पाण्यावर पाटीवरच्या पहिल्या रेघेसारखा माग.
त्यांनी मान वळवून तो पाहिला
आणि हसले, सगळे दात दाखवून,
समोरचा एक नव्हता.

मी खाली जाऊन चहा टाकला.
दोन कपांचा.