गेल्या दोन आठवड्यांत

प्रश्न सगळ्यांना एकाच शब्दांत विचारायचा,
आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही,
असं औंधच्या प्रशिक्षणात सांगितलं.
गेल्या दोन आठवड्यांत उदास, निराश वाटलं का?
कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज.
शून्य, एक, दोन, तीन.
कारण विचारायचं नाही, घटक नोंदवायचे:
कर्ज, आजारपण, एकटेपणा, अपुरी झोप.
बाई असणे हाही जोखमीचा घटक,
सरांनी फळ्यावर लिहिलं तेव्हा
आम्ही पंधराजणी हसलो.
अकरा महिन्यांच्या करारावरच्या पंधराजणी.

जनता वसाहतीत, वरच्या पायऱ्यांवर, केराबाई पोळ.
आधीची तीन लेकरं गेली, ही तरी राहावी
म्हणून आईनं केर नाव ठेवलेलं.
राहिली. पहाटे चारला केरच वेचते.
निराश म्हंजी?
मी म्हटलं, म्हणजे, मन लागत नाही असं.
मन कुठं लावायचं असतंय ताई,
झाकण लावायचं, कुलूप लावायचं.
बरं, झोप?
झोप येती की. जाग येऊ वाटत न्हाई.

नवी पेठेत अभ्यासिकेच्या जिन्यात बालाजी,
वय एकोणतीस, मूळ गाव औश्याजवळ,
पूर्वपरीक्षा चौथ्यांदा गेली, दोन मार्कांनी.
घरी सांगितलंय, मुलाखतीची तयारी चाललीय.
माझ्याआधीच पर्याय वाचत होता.
निगेटिव्ह मार्किंग आहे का मॅडम?
हसला, म्हणून मीही हसले.
मग चपलेकडे बघत म्हणाला,
सगळ्याला तीन टाका.

बाणेरला गेटवरच्या वहीत रखवालदारानं माझं नाव लिहिलं,
वेळ लिहिली, आणि 'कारण' या रकान्यापाशी थांबला.
मी सांगितलं, मनाचा सर्व्हे.
त्यानं लिहिलं: मन.
तेराव्या मजल्यावरून इंटरकॉमवर आवाज आला,
आमच्याकडे तसलं काही नाही.
नकार, कोड नऊ.

उत्तरदात्याशी एकांतात बोलावे.
धनकवडीत प्रणिताचं घर एका खोलीचं,
बाळ चाळीस दिवसांचं, सासूबाई समोर पाय पसरून.
हिला काय धाड भरलीय? खायला आहे, ल्यायला आहे.
प्रणिता उठली, मिक्सर सुरू केला, रिकामाच,
आणि त्या घरघरीत, माझ्या कानाशी,
नवव्या प्रश्नाचं उत्तर दिलं.
बंद केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या,
काय वाटत होतीस?
काही नाही, म्हणाली.

प्रभात रोडचे मोघे काका मात्र सगळीकडे शून्य.
ठणठणीत.
दोनदा चहा झाला. मुलीच्या टोरांटोतल्या घराचे फोटो झाले,
अंगणातल्या बर्फाचे, बर्फ उपसायच्या यंत्राचे.
मी चपला घालताना म्हणाले,
अजून काही प्रश्न नाहीत का तुमच्याकडे?
तसा रविवारीही मी असतो.
एकूण गुण: शून्य.

शेजारीण किल्ली ठेवून घेते का,
याला रकाना नाही.
आवाजावरून कुणी ओळखतं का तुम्हाला,
यालाही नाही.

नववा प्रश्न मरणाचा.
उत्तर 'हो' आलं तर एक कार्ड द्यायचं,
पिवळं, हेल्पलाइनच्या नंबरचं,
आणि किती दिली त्याचा हिशेब ठेवायचा.
प्रणितानं तिचं बाळाच्या टोपड्यात सरकवलं.
बालाजीनं नंबर पाठ केला, कार्ड परत देऊ लागला,
दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल म्हणून.
ठेव रे, म्हटलं. एवढंच प्रश्नावलीबाहेरचं बोलले.

संध्याकाळी सरांनी टॅब उघडला.
'हो' दोन, कार्डं तीन कमी.
परत मोजली. तीनच.
पडलं असेल बसमध्ये, मी म्हटलं,
स्वारगेटला फार रेटारेटी होती.
सरांनी मान वर केली नाही.
शेऱ्यात लिहिलं: गहाळ, एक.