खोलीच्या तापमानाला

लोणी रात्रीच बाहेर काढून ठेवलंय.
अंडी चार. ताक अर्धा कप.
केळी काळी पडलेली, सालीला बोट लावलं
तरी आत जाणारी. अशीच हवीत,
असं पाककृतीत लिहिलंय, आणि खाली बारीक अक्षरात:
सगळं सामान खोलीच्या तापमानाला असू द्यावं.

मी शाळेची बस चालवतो. एकतीस वर्षं.
बर्फातून उतार उतरताना हात कधी थरथरला नाही,
आज मैदा चाळताना थरथरतो.

रोक्सॅनच्या औषधाचं नाव लांबलचक आहे.
दर दुसऱ्या मंगळवारी ते शिरेतून आत जातं
आणि मग आठवडाभर थंडी तिच्याशी वैर धरते.
नळाचं पाणी सुयांसारखं.
फ्रिजचं दार उघडायला लोकरी हातमोजे.
गार दुधाचा एक घोट, की ती मधेच थांबते,
डोळे मोठे करून,
आतून कुणी गळा आवळल्यासारखी.
नर्सबाईंनी यादीच दिली: बर्फ नाही, आइस्क्रीम नाही.
जूनमध्येसुद्धा नाही.

ते वाचून ती हसली होती.
"मिलान, आता ग्लूमच्या दुकानात काय तोंड दाखवू?"

ग्लूमचं दुकान बंद होऊन वीस वर्षं झाली.
तिथे आता टायर विकतात.

तेव्हा औषधांच्या कपाटांसमोर उंच फिरती स्टुलं होती,
लाल रेक्झिनची, एकाची शिवण उसवलेली.
बाबा भट्टीवरून पगार घेऊन यायचे त्या शुक्रवारी
आम्हा दोघांत मिळून एक बनाना स्प्लिट.
होडीसारखी लांब काचेची बशी,
केळं उभं चिरलेलं, अर्धं तिचं, अर्धं माझं,
मधे तीन गोळे, त्यांची वाटणी भांडून.
वाटता येत नव्हती ती एकच गोष्ट: चेरी.
ती तिची. नेहमी. मोठी म्हणून.
मी अकरा महिन्यांनी धाकटा
आणि हिशेबाला पक्का:
तिच्याकडे माझ्या दोनशेच्या वर चेऱ्या थकल्या आहेत.

पहिला घाणा पार बसला,
अननसाचं पाणी नीट निथळलं नव्हतं.
दुसरा फुगला, पण वरून तडकला
उन्हाळ्यातल्या तळ्याच्या चिखलासारखा.
शेजारच्या यूनिसबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या,
"तुझं ओव्हन खोटं बोलतं. पंचवीस अंश कमी धर."
तिसऱ्याला घर केळ्याच्या वासानं भरलं
आणि कुत्रा दारातून हलेना.

मग स्ट्रॉबेरी घालून लोणी घोटलं.
आइस्क्रीमच्याच चमच्यानं, खटका दाबून,
प्रत्येक केकवर एकेक गोळा सोडला,
गोल, खरबरीत कडांचा, अगदी तसाच.
चॉकलेटचा ओघळ. अक्रोडाचा चुरा.
लबाडी आहे, खरं आहे.
पण वितळत नाही.

तिच्याकडे खिडक्या बंद, पंखा बंद, अंगात स्वेटर.
डबा उघडला तशी ती दचकली
आणि सवयीनं हातमोजे शोधू लागली.
"नको," म्हटलं. "हात लाव."
तिनं गोळ्याला करंगळी टेकवली,
तापल्या तव्याला टेकवावी तशी.
मग सगळी बोटं.

"अजिबात तसं लागत नाही," ती म्हणाली
आणि दुसरा उचलला.
नाकाच्या शेंड्याला गुलाबी लोणी.
बराच वेळ आम्ही काही बोललो नाही.
बाहेर कुणीतरी गवत कापत होतं,
मशीन बंद पडत होतं, पुन्हा सुरू होत होतं.

चेरी तिनं देठाला धरून फिरवली,
माझ्याकडे बघत,
पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच कपटी डोळ्यांनी.
"ही गार नाही ना?"
"नाही."

बाटली मी परवापासूनच ओट्यावर काढून ठेवली होती,
उन्हाच्या बाजूला,
आणि जाता-येता तळव्यात धरून पाहत होतो.