रेघेनुसार कोरडं

हेब्डन ब्रिजला नदी दर पंधरा मिनिटांनी
आपली उंची कळवते.
पुलाखालच्या सेन्सरमधून ती माझ्याकडे
आकडा होऊन येते
आणि मी तिची रेघ काढते.

रेघ दातेरी निघते.
क्लेग म्हणतो, करवत वाटते, लोक बिचकतात,
जरा हात फिरव.
हात फिरवणं म्हणजे चार ओळी:
मागचे तीन, पुढचे तीन, मधला एक,
बेरीज, भागिले सात,
मग खिडकी एक घर पुढे.

त्याआधी स्प्लाइन लावून पाहिली होती.
देखणी, पण थापाडी.
दोन खऱ्या ठिपक्यांमधून वळताना
तिनं नदीला तळाच्याही खाली नेलं.

मंगळवारी अचानक एक सुळका आला.
कॅमेऱ्यात पाहिलं, तर सेन्सरच्या बरोबर खाली
दगडावर एक बदक,
पंखात चोच खुपसून गाढ झोपलेलं.
सातांनी मिळून ते बदक पचवलं,
रेघेला साधा फुगवटाही नाही.
क्लेग खूश. म्हणाला, अजून.
मी साताचे एकवीस केले.

आणि मग म्युरिएल ग्रीनवुड आली,
लोकरीचं दुकान, पुलापासून तिसरं.
म्हणाली, फेब्रुवारीतली माझी रात्र दाखव.
मी दाखवली.
एक लांब, मऊ टेकडी,
मेंढ्या चराव्यात अशी.

तिनं चष्मा पुसला.
तिच्या उंबऱ्याची उंची चार मीटर साठ.
टेकडीचा माथा चार एक्केचाळीस.
मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली,
म्हणजे मी कोरडी होते तर.

पाऊण तास, मी म्हटलं, पाणी वर होतं जेमतेम पाऊण तास,
तीन आकडे फक्त,
बाकीच्या अठरांत ते...
आणि का कोण जाणे, तिला बदकाची गोष्ट सांगितली.
ती हसली, अगदी खोकला येईपर्यंत.
मग माझी लोकर काय बदकानं भिजवली?

ती गेल्यावर मी कच्चे ठिपके परत आणले,
रेघेच्या मागे, फिकट राखाडी.
रांगोळीत रेघा ओढून झाल्या तरी
ठिपके कुठे पुसतो आपण?
क्लेग म्हणाला, माश्या बसल्यासारखं दिसतंय.
दिसतंय खरं.

वर, रेघेपासून बरेच लांब,
तीन ठिपके आहेत फेब्रुवारीचे.
मंगळवारचा एकटाच आहे.
दोन्हींचा रंग तोच.
त्यांतलं बदक कुठलं,
ते मात्र अजून कुणाला तरी
जाऊन बघावं लागतं.