पन्नास हात दोर

एक पडला.
वीस बाजूंचा फासा, निळा, कडेला घासलेला,
बशीतल्या शेवेला टेकून थांबला
आणि एकच दाखवत राहिला.

ऐरोली, सेक्टर आठ, शनिवार, पावणेबारा.
शलाकाच्या गच्चीवरची पत्र्याची खोली,
आम्ही पाच जण, एक टेबल फॅन
आणि खाडीकडून येणारा तो वास
ज्याला आता आम्ही वास म्हणतही नाही.

माझ्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा असतो,
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा, आतल्या बाजूला माझी टिपणं.
त्याच्यामागे टाकला असता फासा
तर म्हणालो असतो, सात. सहज.
दोन वर्षांत अकरा वेळा म्हणालोय.
पण हेरंबच म्हणाला होता, उघड्यावर टाक.

मग मला सांगावं लागलं.
पुलाची तिसरी फळी. खाली काळं पाणी.
झिंगूर, सव्वाचार फुटी चोर,
ज्यानं राजाचा खजिना सोडून राजाचं लोणचं पळवलं होतं,
तो गेला.
आवाज न बदलता सांगितलं मी.

इम्तियाजनं नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं.
मंत्र? नाही. काढा? नाही.
बरं करणारं आमच्यात कुणी नव्हतंच.
पहिल्या दिवशी सगळ्यांना तलवारी हव्या होत्या.

हेरंब हसला. चालतं रे, खेळच आहे.
मग झिंगूरचा कागद उचलून
बराच वेळ घडी घालत बसला.
जिवाच्या आकड्यावरून खोडरबर
इतक्यांदा फिरलं होतं
की तिथे भोकच पडलं होतं.
त्यातून मला त्याचा अंगठा दिसला.

वाटणीच्या वेळी कुणी कुणाकडे बघत नाही.
चौदा मोहरा, एक सुरी, अर्धी बरणी लोणचं,
पन्नास हात दोर.
दोर मी ठेवते, शलाका म्हणाली,
लोणच्याला कुणी हात लावायचा नाही.

सोमवारी त्याचा मेसेज: जुळा भाऊ आणू का?
मंगळवारी: नको, थट्टा होईल.
गुरुवारी रात्री दोनला:
वैद्य चालेल?

नव्या माणसाला आणायची आमची रीत जुनी आहे.
पुढच्या खोलीत दाराआड बांधलेला कैदी.
सोडवला की लगेच जिवाभावाचा,
कुणी गाव विचारत नाही, कुळ विचारत नाही,
कारण खुर्ची तीच, चहाचा कान तुटलेला कप तोच.
तशी आली भागीरथी.
पन्नाशीची, गुडघे धरलेले, कमरेला औषधांचा बटवा.
आल्या आल्या तिनं इम्तियाजच्या खांद्याची जखम बांधली,
न विचारता.

मग कुलूप आलं.
डॉमनिक नकाशावरून मान वर न करता म्हणाला,
झिंगूर, हो पुढे.

पंख्याचा आवाज.
हेरंबनं तोंड उघडलं, मिटलं,
आणि भागीरथीच्या जाड्याभरड्या आवाजात विचारलं,
कोण झिंगूर?

सांगावंच लागलं.
डॉमनिकनं लोणच्याचं सांगितलं, सगळं चुकीच्या क्रमानं.
इम्तियाज म्हणाला, पहाऱ्यावर झोपायचा साला,
आम्ही मुद्दाम उठवायचो नाही.
हे हेरंबला माहीत नव्हतं.
शलाका म्हणाली, पूल आधी तो ओलांडणार नव्हताच,
नंबर माझा होता.
अर्धा तास मी फासा टाकला नाही.
माझ्या टिपणांत असलं काही लिहिलेलंच नव्हतं.
हेरंब हनुवटीखाली मूठ धरून ऐकत होता,
परक्या गावच्या माणसाविषयी ऐकावं तसा,
आणि दोनदा म्हणाला, मग?

शलाकानं दोर पुढे केला, म्हणजे रिकामा हात.
भागीरथीबाई, ठेवा हा.
नव्या कोऱ्या कागदावर त्यानं पेन्सिलनं लिहिलं,
पन्नास हात दोर,
आणि पेन्सिल तिथेच टेकवून बसला.

कुलूप अजून बंदच होतं.
तिला ते उघडता येत नव्हतं.
आता कुणालाच येत नव्हतं.
साडेबाराला आम्ही दार फोडायचं ठरवलं.