जमल्यास खुर्ची

सकाळी निघालो तेव्हा हातात एक पिशवी होती
आणि पिशवीत यादी:
शिंप्याकडचा कोट, तुझ्या दाढेचं औषध,
आंबट आलुबुखाऱ्याची चटणी, बाटल्या दोन,
आणि कोरड्या पुलावर, जमल्यास, खुर्ची.

जमल्यास हा शब्द तुझा, तेंगिझ.
एकोणीस वर्षांत तुझी एक यादी
त्याच्यावाचून संपलेली मी पाहिली नाही.

पुलावर जुने कॅमेरे, कुणाची तरी पदकं,
काट्यांचे जोड फुटलेले चमचे,
आणि आपली खुर्ची.
विकणारी म्हातारी तिच्यावरच बसलेली.
ती चाळीस म्हणाली. तू पंचवीस. मी गप्प.
नवरा घासाघीस करत असताना मध्ये पडू नये,
भाव वाढतो.
एकतीस लारी मोजून घेतल्यावर ती उठली,
पदरचं काही देत असल्यासारखी बैठक हातानं झटकली
आणि उलट्या बादलीवर जाऊन बसली.

मी म्हटलं, आता घरी.
तू म्हणालास, दोघांना एकदम सुट्टी
पुन्हा कधी मिळणार?

मग खुर्ची घेऊन आपण शहरभर.
भुयारी रेल्वेच्या त्या न संपणाऱ्या जिन्यावर
तू तिला कडेवर घेतलंस,
पाय बाहेर आलेल्या मोठ्या मुलीसारखं.
वाटेत देऊळ लागलं की खाली ठेवायचास,
छातीवर तीनदा क्रूस काढायचास, पुन्हा उचलायचास.
या शहरात देवळं किती आहेत
हे मला काल कळलं.

गंधकाच्या हमामाबाहेर रांग.
सगळे उभे, मी बसलेली.
एका गरोदर बाईला जागा दिली,
मग तिच्या आईला, मग आईच्या गुडघेदुखीच्या गोष्टीला.
आपला नंबर आला तेव्हा
आंघोळीपेक्षा खुर्ची परत मागणं अवघड झालं.

डोंगरावर फ्युनिक्युलरवाला म्हणाला, हिचंही तिकीट लागेल.
थट्टा करत होता. तू खरंच पैसे काढलेस.
मला इतकं हसू आलं
की गरम पोंचिकमधली सगळी साय कोपरापर्यंत ओघळली.
वरून नदी दिसत होती, तपकिरी, घाईत.
आपली गल्ली शोधण्यावरून भांडलो.
तू दाखवत होतास ते छप्पर आपलं नव्हतं,
मी दाखवत होते तेही नसावं.
हिरवं लिमोनेड एक, घोट आळीपाळीनं,
खुर्चीवर बसणंही आळीपाळीनं.
जो उभा, त्यानं वाऱ्याची बाजू अडवायची
असं न बोलता ठरलं.

परतेपर्यंत अंधार.
आपली लिफ्ट नाणं खाल्ल्याशिवाय हलत नाही,
आणि खिसे, पिशवी, तुझ्या मोज्यासुद्धा तपासल्या,
फुटका तेत्री नाही.
आठवडाभर साऱ्या शहराच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस
स्वतःच्या दारात असा उभा.
दोन तारा जोडायच्या, म्हटलं, तुला कोण विचारतंय?
तू दुखावलास. ती चोरी, नानुली.

सात मजले.
दर मजल्यावर खुर्ची टेकवायची, एकानं बसायचं.
दुसऱ्यावर मी. तिसऱ्यावर तू.
चौथ्यावर कुणाकडे तरी राजमा शिजत होता, कोथिंबिरीचा वास,
तिथे कुणीच बसलं नाही, भूक वाढली असती.
पाचव्यावर मात्र तुझा श्वास मला ऐकू आला.
गेल्या वर्षी असा नव्हता.
मी काही बोलले नाही. माझी पाळी असून
तुला बस म्हटलं.
तू बसलास, इकडेतिकडे पाहिलंस,
आणि अर्ध्या बैठकीवर सरकून म्हणालास,
जमल्यास.

लाकूड करकरलं, पण धरून राहिलं.
जिन्यातला दिवा आपोआप विझतो, तसा विझला.
अंधारात बराच वेळानं तू विचारलंस:
कोट?