बरणी

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मखमल
सुरूच्या झाडांखाली आडवी होती,
मान वळवून वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत,
जणू आतून कुणी हाक मारतंय.
यासीन उलडे लगाम धरून उभा,
मागं त्याची बग्गी, चाकांना प्लॅस्टिकची फुलं,
त्यामागं मुरूडचा समुद्र, ओहोटीला गेलेला.

आधीच्या दोन्ही वेळा मीच सुई टोचली होती.
कळ थांबली, घोडी उठली, अंग झाडलं,
यासीन म्हणाला, बाई, तुमच्या हाताला गुण आहे,
आणि मी ते ऐकून घेतलं.
मी घाटावरची, गाईम्हशींची डॉक्टर.
घोडा म्हणजे परीक्षेतला एक प्रश्न,
पर्यायी. मी सोडलेला.

या वेळी सुई दिली आणि गेले नाही.

कुणी म्हणालं नजर लागली.
कुणी म्हणालं शनिवारच्या पोरांनी वडापाव चारला.
शहाळीवाला म्हणाला, वय झालं, दुसरं काय.
मी म्हटलं, एक बरणी आणा. काचेची.

शमीमनं लोणच्याची आणली,
धुतलेली, तरी मोहरीचा वास.
ताज्या लिदीचे दोन गोळे, वर पाणी,
काठीनं ढवळलं, ठेवली दगडावर.
आता? यासीन म्हणाला.
आता काही नाही. थांबायचं.

गवताच्या काड्या वर आल्या.
पाणी आधी चहासारखं, मग काविळीसारखं,
मग हळूहळू निवळत गेलं,
आणि तळाशी
दोन बोटं काळसर वाळू.
यासीननं वाकून पाहिलं, नखानं काच खरवडली.
'ही तर हितलीच पुळण.'
शहाळीवाल्याचा कोयता तेवढा चालू होता.

कुठं खाते ही?
इथंच, खाली टाकतो.
तोबरा नाही?
आहे की. शमीमनंच शिवलाय, गोणपाटाचा.
मग?
तो बग्गीच्या फुलांकडे बघायला लागला.
'फोटोत बरा दिसत नाही म्हणतात.
काढा म्हणतात. दहादा काढला, दहादा बांधला.
मग सोडून दिला.'

मी वहीत लिहिलं: पोटशूळ.
मग खोडलं. लिहिलं: वाळू.
त्याच्यापुढं फोटो लिहायला
आमच्या छापील रकान्यात जागा नव्हती.

आणि मीठ? मीठ देता का?
तो हसला. 'बाई, समोर एवढा दर्या!'
पण घोडी उन्हात घामानं पांढरी व्हायची,
आणि संध्याकाळी जमीन चाटायची,
समुद्राच्या काठी राहून मिठाला महाग.

इसबगोल आणलं बाजारपेठेतून,
दुकानदारानं विचारलं, घरात कुणाला त्रास?
मी म्हटलं, हो.
गुळाच्या पाण्यात कालवून नळीनं पोटात,
पेंढा आधी, मग बाकीचं,
आणि सकाळ-संध्याकाळ चालवणं, बग्गीशिवाय.
पहिले तीन दिवस बरणीत वाळू वाढली.
यासीन घाबरला. मी म्हटलं, निघतेय ती.
हे म्हणताना मलाही पुरती खात्री नव्हती.

सातव्या दिवशी एक बोट.
अकराव्या दिवशी चिमूटभर.
तेवढी राहणारच, मी म्हटलं,
इथं भात खाताना आपल्याही दाताखाली येते.

परवा संध्याकाळी त्या बाजूनं गेले.
मखमलच्या तोंडाला तोबरा,
सुरूला टांगलेला मिठाचा खडा, चाटून चाटून घोटीव,
आणि गॉगल लावलेला कुणीतरी, पोर कडेवर,
म्हणत होता, अरे, ते पोतं काढा ना, एकच मिनिट.
यासीन चाकाला तेल घालत होता.
त्यानं मान वर केली नाही.
'जेवतेय ती,' म्हणाला.

बरणी शमीमनं गोठ्याच्या खिडकीत ठेवलीय.
लोणचं आता तिच्यात कोण घालणार?